मुले, घर आणि इंटरनेटवरील अश्लील साहित्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालकसभा संपल्यावर मागे थांबून हळू आवाजात विचारलेले, चिठ्ठीवर नाव न घालता लिहिलेले आणि रात्री अकरानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले हे प्रश्न आहेत. ‘पॉर्न’ हा शब्द त्यांतल्या फारच थोड्यांत असतो. बहुतेक जण ‘तसले व्हिडिओ’, ‘नको ते’, ‘घाण काहीतरी’ असे लिहितात आणि आम्हाला अर्थ कळतो. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवले आहेत, ओळख पटेल असे तपशील मात्र काढून टाकले आहेत. कायद्याविषयीची उत्तरे सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावीत. प्रत्यक्ष प्रकरण उद्भवल्यास वकिलाला विचारावे.

१. माझा मुलगा असले काही शोधणाऱ्यातला नाही. मग त्याच्या फोनवर हे आले कुठून?

बहुतेक मुलांना पहिल्या वेळी काहीही शोधावे लागत नाही. क्रिकेटचे सामने किंवा नवे सिनेमे चोरून दाखवणाऱ्या संकेतस्थळावर ‘प्ले’ दाबले, की सामना सुरू होण्याआधी दोन-तीन जाहिराती आपोआप उघडतात आणि त्यांतली एखादी उघडउघड अश्लील असते. रीलखालच्या प्रतिक्रियांमध्ये कोणीतरी टेलिग्रामची लिंक टाकून ठेवलेली असते. क्लासच्या नोट्ससाठी काढलेल्या ग्रुपमध्ये अनोळखी क्रमांक शिरतो आणि दुपारी दोन वाजता, घरी कोणी नसताना, व्हिडिओ येऊन पडतो. सर्वांत जुना मार्ग अजूनही चालू आहे: क्लास सुटल्यावर जिन्यात उभी असलेली चार मुले आणि त्यांच्यापैकी एकाच्या हातातला फोन. तुमचा मुलगा ‘त्यातला’ नसेल, हे आम्ही मान्य करतो, पण त्यामुळे त्याला हे दिसणार नाही असे होत नाही.

२. माझी मुलगी आत्ताशी आठ वर्षांची आहे. एवढ्यात बोलायला हवे का?

हो. इंग्लंडच्या बालआयुक्तांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, असे साहित्य पहिल्यांदा पाहण्याचे सरासरी वय १३ असल्याचे आढळले, आणि दर दहांमागे एकाने ते वयाच्या नवव्या वर्षापर्यंतच पाहिलेले होते. ती मुले इंग्लंडची असली तरी फोन आणि अ‍ॅप आपल्या मुलांच्या हातात आहेत तीच आहेत.

आठ वर्षांच्या मुलीला लैंगिक शिक्षणाचा धडा द्यायचा नसतो. तिला एवढेच सांगावे: “फोनवर कधी कपडे नसलेली माणसे दिसली, किंवा बघून पोटात कसेतरी झाले, तर फोन उलटा ठेवायचा आणि मला येऊन सांगायचे. मी रागावणार नाही आणि फोनही काढून घेणार नाही.” यातले शेवटचे वाक्य पालकांना जड जाते, पण ते वगळू नये. मुले का लपवतात, असे आम्ही जेव्हा जेव्हा मुलांनाच विचारले, तेव्हा लाज हे कारण दुसऱ्या क्रमांकावर आले. पहिले कारण ‘आई फोन घेईल’ हे होते. हे वचन एकदा दिले की पाळावे लागते, अगदी मुलीने जे सांगितले ते ऐकून आपल्याच पायांखालची जमीन सरकली तरीही.

३. या विषयावर मराठीत बोलायला शब्दच नाहीत. जे आहेत ते एक तर शिवीतले, नाही तर संस्कृत. मग बोलायचे कसे?

तक्रार खरी आहे. शिवी आणि पाठ्यपुस्तक यांच्या मधल्या जागेत आपल्याकडे ‘शूची जागा’ यापलीकडे फारसे काही नाही आणि दहा वर्षांच्या मुलाला त्यावर भागवता येत नाही. आमचा सल्ला पाठ्यपुस्तकातले शब्द घेण्याचा आहे: शिश्न, योनी, स्तन, मासिक पाळी. हे शब्द पहिल्यांदा उच्चारताना घसा कोरडा पडतो, तिसऱ्यांदा पडत नाही. शिवाय एखाद्याने मुलाला कुठे हात लावला हे पुढे कधी सांगायची वेळ आलीच, तर नेमका शब्द येणारे मूल नेमके सांगू शकते.

जागेचाही विचार करावा. समोरासमोर खुर्चीवर बसवून ‘आज आपल्याला एका विषयावर बोलायचे आहे’ असे म्हटले की मूल आधीच कवचात शिरते. भाजी निवडताना, किंवा मूल स्कूटरवर मागे बसलेले असताना, जिथे डोळ्याला डोळा भिडत नाही, तिथे हे बोलणे सोपे जाते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला तीन गोष्टी कळायला हव्यात: पडद्यावर दिसते ते पैसे देऊन करवून घेतलेले आणि कापून-जोडून तयार केलेले असते, त्यात समोरच्या माणसाची इच्छा विचारलेली क्वचितच दिसते, प्रत्यक्षात मात्र ती विचारल्याशिवाय काहीही करायचे नसते, आणि त्याला वाटणारे कुतूहल घाणेरडे नाही.

४. आमच्या घरात स्मार्टफोन एकच आहे, तोही आजोबांचा. मुलासाठी वेगळा फोन घेण्याची ऐपत नाही. मग काय करावे?

वेगळ्या फोनची गरज नाही. आजोबांच्या फोनमध्ये धोका बहुधा गॅलरीत असतो. गावाकडच्या मित्रमंडळींच्या ग्रुपमध्ये सुप्रभातच्या फुलांबरोबर जे काही येते, ते आपोआप उतरते आणि नातवाने काढलेल्या चित्रांच्या फोटोशेजारी जाऊन बसते. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’ इथे जाऊन माध्यमे आपोआप डाउनलोड होणे बंद करावे, चॅटच्या सेटिंगमध्ये ‘गॅलरीत दाखवा’ हे बंद करावे आणि गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये आपल्याला ग्रुपमध्ये फक्त ओळखीच्या लोकांनीच घ्यावे असे ठरवून द्यावे. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये दुसरा वापरकर्ता तयार करण्याची सोय असते. ती असल्यास मुलाला अभ्यासासाठी तोच कप्पा उघडून द्यावा. आजोबांशी हे कोण बोलणार, हा खरा पेच असतो. “बाबा, तुमच्या फोनची जागा भरत आली आहे, जरा साफ करून देतो” हे वाक्य अनेक घरांत उपयोगी पडले आहे, आणि ते खोटेही नसते.

५. मुलाच्या स्वतःच्या फोनमध्ये नेमके काय काय बदलायचे?

अँड्रॉइड फोन असल्यास गूगलचे ‘फॅमिली लिंक’ हे अ‍ॅप आपल्या फोनवर घ्यावे आणि मुलाचे गूगल खाते त्याला जोडावे. त्यातून क्रोममधली अश्लील संकेतस्थळे अडवण्याचा पर्याय, गूगल शोधातील ‘सेफसर्च’ आणि नवे अ‍ॅप घेण्यापूर्वी पालकांची परवानगी, या तिन्ही गोष्टी चालू करता येतात. अशा देखरेखीखालील खात्यात क्रोमचा, पाहिलेल्या पानांची नोंद न ठेवणारा ‘इन्कॉग्निटो’ प्रकार उघडत नाही. आयफोन असल्यास ‘स्क्रीन टाइम’मध्ये मजकूर व गोपनीयतेचे निर्बंध चालू करून वेबसाठी ‘प्रौढ संकेतस्थळे मर्यादित करा’ हा पर्याय निवडावा. तिथेच ‘कम्युनिकेशन सेफ्टी’ ही सोय आहे, जी नग्न चित्र आल्यास फोनच्या आतच ते ओळखून धूसर करते. स्क्रीन टाइमचा संकेतांक मुलाचा वाढदिवस, गाडीचा क्रमांक किंवा चार शून्ये असा ठेवू नये. आम्ही पाहिलेल्या फोनमध्ये तो बहुधा या तिघांपैकीच एक असतो.

या सगळ्याला निष्प्रभ करणारी चूक मात्र पालकांनीच केलेली असते. खाते उघडताना ‘वय कमी आहे’ असा संदेश आला, म्हणून वडिलांनी जन्मसाल १९८५ टाकले आणि मोकळे झाले. आता गूगलच्या, यूट्यूबच्या आणि इन्स्टाग्रामच्या लेखी हा सातवीतला मुलगा चाळिशीचा गृहस्थ आहे आणि त्याला त्या वयाला शोभेल असेच सगळे दाखवले जाते. इन्स्टाग्रामने किशोरवयीनांसाठी काढलेली, आपोआप अधिक निर्बंध असलेली खाती भारतात २०२५ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, पण तीही खरे वय नोंदवले असेल तरच लागू होतात. म्हणून सुरुवात जन्मतारीख दुरुस्त करण्यापासून करावी.

६. घरच्या वाय-फायवरच हे सगळे बंद करता येत नाही का?

बऱ्याच अंशी येते आणि फुकट येते. आपण एखाद्या संकेतस्थळाचे नाव टाकतो तेव्हा त्याचा पत्ता शोधून देणारी जी सेवा असते तिला डीएनएस म्हणतात. ती सेवा अश्लील संकेतस्थळांचे पत्ते देईनाशी झाली की ती घरातल्या कुठल्याही उपकरणावर उघडत नाहीत. क्लाउडफ्लेअर या कंपनीची कुटुंबांसाठीची अशी सेवा २०२० पासून उपलब्ध आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या दोन रकान्यांत अनुक्रमे १.१.१.३ आणि १.०.०.३ हे क्रमांक, इंग्रजी आकड्यांत, टाकायचे असतात. राउटरचा संकेतशब्द ठाऊक नसल्यास इंटरनेट जोडून देणाऱ्या माणसाला फोन करावा. पाच मिनिटांचे काम आहे आणि तो ते करून देतो. अडचण इतकीच की एक्स, रेडिट किंवा टेलिग्राम यांसारख्या, सर्व प्रकारचा मजकूर असलेल्या ठिकाणांना ही गाळणी लागू पडत नाही, कारण तिथे पूर्ण संकेतस्थळ तरी बंद होते नाही तर पूर्ण उघडे राहते.

७. एवढे केले तरी मुले पळवाट काढतातच. व्हीपीएन, मोबाइल डेटा, मित्राचा फोन यांचे काय?

मोबाइल डेटासाठी उपाय आहे: अँड्रॉइड फोनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘खाजगी डीएनएस’ असा रकाना असतो, तिथे प्रश्न ६ मधील सेवेचे नाव टाकले की ती गाळणी फोनबरोबर सगळीकडे जाते. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटचा रस्ता दुसरीकडून वळवणारे अ‍ॅप, ही गाळणी ओलांडते. म्हणून नवे अ‍ॅप पालकांच्या परवानगीशिवाय न येणे हीच त्यावरची आडकाठी ठरते. मित्राच्या फोनवर कोणताच उपाय नाही. तिथे प्रश्न २ मध्ये सांगितलेले बोलणे तेवढे कामी येते.

काही पालक मुलाला न सांगता त्याचे सगळे संदेश वाचणारी अ‍ॅप बसवतात. आम्ही हा सल्ला देत नाही. अशी अ‍ॅप मुलाची माहिती तिसऱ्याच कोणाच्या हाती देतात, आणि एक दिवस मुलाला ते कळतेच. देखरेख उघड असावी. ‘तुझ्या फोनवर हे लावले आहे आणि या कारणासाठी लावले आहे’ असे मुलाला आधी सांगावे.

८. टीव्हीवर ओटीटी चालते. तिथे काय करावे?

२०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटी सेवांना कार्यक्रमांचे वयानुसार वर्गीकरण करावे लागते आणि १३ वर्षांवरील व त्यापुढच्या वर्गांतील कार्यक्रमांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय द्यावी लागते. प्रत्येक सेवेत मुलांचे वेगळे प्रोफाइल करावे आणि आपल्या प्रोफाइलला पिन लावावा. पिन नसेल तर मुलांचे प्रोफाइल केवळ शोभेचे राहते. स्मार्ट टीव्हीत ब्राउझर असतो हे बहुतेक पालकांच्या गावीही नसते. तो काढता येत नसेल तर निदान कुलूपबंद करावा.

९. सरकारने अशी संकेतस्थळे बंद केली होती ना? मग ती दिसतात कशी?

२०१५ च्या जुलै अखेरीस केंद्र सरकारने ८५७ संकेतस्थळे अडवण्याचा आदेश दिला होता, पण काही दिवसांतच तो सैल करण्यात आला. २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ संकेतस्थळे अडवण्यात आली. पुढे अश्लील मजकूर दाखवणाऱ्या ओटीटी मंचांवरही कारवाई झाली: मार्च २०२४ मध्ये १८, तर जुलै २०२५ मध्ये २५. मात्र बंद झालेले संकेतस्थळ नावातले एखादे अक्षर बदलून दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडते. सरकारी बंदीवर विसंबून घरातली सेटिंग तशीच सोडू नयेत.

१०. हे पाहणे कायद्याने गुन्हा आहे का?

प्रौढ व्यक्तीने प्रौढांचे असे साहित्य खाजगीत पाहणे हा भारतात स्वतंत्र गुन्हा नाही, आणि किशोरवयीन मुलाने ते केवळ पाहिले म्हणून त्याच्यावरही गुन्हा दाखल होत नाही. ते प्रसिद्ध करणे किंवा पाठवणे हा मात्र गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ नुसार अश्लील मजकूर पाठवल्यास पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, तर कलम ६७-अ नुसार उघड लैंगिक कृत्याचे चित्रण पाठवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘गंमत म्हणून’ मित्रांच्या ग्रुपमध्ये केलेले फॉरवर्ड यात मोडते.

लहान मुलांच्या बाबतीत रेषा आणखी अलीकडे आहे. अठरा वर्षांखालील मुलांचे लैंगिक चित्रण शोधणे, पाहणे, उतरवून घेणे हेही कलम ६७-ब खाली येते. आणि लैंगिक हेतूने मुलाला असे साहित्य दाखवणे हा पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम ११ नुसार लैंगिक छळ आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शेजारचा ‘दादा’ मुलाला मोबाइलवर ‘तसले’ दाखवत असेल, तर तो वाह्यातपणा म्हणून सोडून देऊ नये.

११. तेरा वर्षांच्या मुलाला काल रात्री मी स्वतः पाहताना पकडले. त्याला मारले, फोन फोडला. आता तो बोलत नाही. काय करू?

हा प्रश्न आम्हाला वेगवेगळ्या तपशिलांनिशी सर्वाधिक वेळा येतो. एका घरी पांघरुणाखालचा उजेड पाहून आईने पांघरूण ओढले होते. फोन भिंतीवर आपटला गेला आणि सकाळी डबा भरताना दोघेही एकमेकांकडे न पाहता स्वयंपाकघरात उभे होते. त्या आईला जे सांगितले तेच इथे लिहितो.

आधी माफी मागावी, आणि ती मारल्याबद्दल मागावी: “मी घाबरले होते म्हणून मारले. ते चुकले.” यामुळे मुलाने पाहिले ते योग्य ठरत नाही, पण बोलण्याचा रस्ता मोकळा होतो. त्यानंतर चौकशी करावी, उलटतपासणी करू नये. हे कुठून मिळाले, कोणी पाठवले, कोणी फोटो मागितला का, कोणी भेटायला बोलावले का, एवढे चार प्रश्न महत्त्वाचे आहेत. ‘किती दिवसांपासून’ आणि ‘लाज कशी वाटली नाही’ यांतून काही हाती लागत नाही. कोणी मोठ्या माणसाने पाठवले असेल किंवा फोटो मागितला असेल, तर प्रश्न १४ आणि १५ पाहावेत. तसे काही नसेल, तर हे तेरा वर्षांच्या मुलाचे कुतूहल आहे असे धरून प्रश्न ३ मधील तीन गोष्टी सांगाव्यात.

मामा, काका, आजी यांना सांगू नये. आपल्याकडे अशी बातमी दिवाळीपर्यंत सगळ्या खानदानात पोहोचते आणि मुलाला ती पुढची दहा वर्षे पुरते. रात्रीचा फोन मात्र बंद करावा, तोही घरातल्या सर्वांचा: साडेदहानंतर सगळे फोन दिवाणखान्यात चार्जिंगला. वडिलांचा फोन उशाशी आणि मुलाचा तेवढा बाहेर, असा नियम चार दिवस टिकतो.

१२. सवय आणि व्यसन यांत फरक कसा ओळखायचा?

किती वेळा पाहिले यापेक्षा त्यामुळे काय सुटले हे पाहावे. झोप, खेळ, मित्र, अभ्यास यांतले एकामागून एक सुटत असेल, मूल स्वतः थांबायचा प्रयत्न करून हरत असेल, किंवा अधिकाधिक हिंसक साहित्याकडे वळत असेल, तर मदत घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात अनिवार लैंगिक वर्तनाचा समावेश आवेगावरील ताबा सुटण्याच्या विकारांत केला आहे, व्यसनांत नाही; म्हणून मुलाला ‘व्यसनी’ म्हणणे वैद्यकीय दृष्ट्याही घाईचे ठरते. सुरुवातीला १४४१६ या मानसिक आरोग्याच्या टेलिमानस मदत क्रमांकावर मराठीतून बोलता येते. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून स्वतंत्र ‘शट क्लिनिक’ चालते. ‘ब्रह्मचर्य चूर्ण’ किंवा ‘धातू’चे औषध विकणाऱ्यांकडे मात्र मुलाला नेऊ नये.

१३. सोसायटीच्या ग्रुपमध्ये एका लहान मुलीचा भयंकर व्हिडिओ आला. ‘हा नराधम पकडला जाईपर्यंत शेअर करा’ असे खाली लिहिले होते. मी पुढे पाठवला. चूक झाली का?

हेतू चांगला असला तरी कृती गुन्ह्याची आहे, आणि त्या मुलीवरचा अत्याचार प्रत्येक फॉरवर्डबरोबर पुन्हा घडतो. पाठवलेला संदेश ‘सर्वांसाठी हटवा’ करून मागे घ्यावा. लिंक, पाठवणाऱ्याचा क्रमांक, ग्रुपचे नाव आणि वेळ कागदावर लिहून घ्यावी. व्हिडिओचा स्क्रीनशॉट काढू नये आणि ‘पुरावा’ म्हणून तो वकील मित्रालाही पाठवू नये. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व बालकांविषयीच्या विभागात तक्रार नोंदवावी. तिथे नाव न देताही ती करता येते. जवळच्या पोलीस ठाण्यातही कळवता येते.

सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केले आहे की असे साहित्य खाजगीत पाहणे आणि साठवणे हेही पॉक्सोखाली गुन्हा ठरू शकते. त्याच निकालात ‘चाइल्ड पॉर्नोग्राफी’ हा शब्दप्रयोग टाळावा असेही न्यायालयाने सुचवले, कारण हे चित्रण म्हणजे प्रत्यक्ष घडलेल्या अत्याचाराची नोंद असते.

१४. माझ्या मुलीच्या वर्गातल्या कोणीतरी एआय वापरून तिचा चेहरा नग्न चित्राला जोडला आहे. चित्र खोटे आहे, मग तक्रार घेतील का?

घेतील. पॉक्सोच्या व्याख्येत २०१९ च्या दुरुस्तीने संगणकावर बनवलेल्या आणि फेरफार केलेल्या, पण मूल दाखवणाऱ्या चित्रांचाही समावेश झाला आहे. पोर्टलवर किंवा ठाण्यात तक्रार करावी आणि त्याच दिवशी संबंधित अ‍ॅपमध्येही करावी. २०२१ साली नियम आले तेव्हा अशी नग्न किंवा बनावट चित्रे तक्रारीनंतर हटवण्यासाठी कंपन्यांना २४ तासांची मुदत दिली होती, त्यामुळे ‘आम्ही पाहतो’ असे म्हणून आठवडाभर बसवून ठेवणे नियमात बसत नाही.

याखेरीज ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या चित्रांसाठी आणि ‘स्टॉप एनसीआयआय’ ही प्रौढांसाठी आहे. त्यांची पद्धत पालकांना समजावून सांगावी लागते, कारण ‘पुन्हा तेच चित्र कुठे तरी पाठवायचे’ या कल्पनेनेच ते मागे हटतात. चित्र फोनच्या बाहेर जात नाही. फोनवरच त्याचा एक अंकीय ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांना दिला जातो; त्या ठशाशी जुळणारे चित्र त्यांच्याकडे सापडले की त्या ते काढतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या कूटबद्ध संदेशांत मात्र याचा उपयोग होत नाही.

१५. सोळा वर्षांच्या मुलाला कोणीतरी व्हिडिओ कॉलवर फसवले आणि आता पैसे मागत आहेत. एकदा पाच हजार दिलेही.

आणखी एक रुपयाही देऊ नये. पैसे देणारा सापडला की मागणी वाढते, थांबत नाही. ही पद्धत ठरलेली असते: अनोळखी खात्यावरून मैत्री, रात्री व्हिडिओ कॉल, पलीकडे आधीच ध्वनिचित्रमुद्रित केलेली स्त्री, आणि इकडच्या पडद्याचे चित्रण. मग ‘सायबर सेलमधून बोलतोय’ असे सांगणाऱ्या तोतयाचा फोन येतो. खरे पोलीस व्हिडिओ काढून टाकण्याचे पैसे मागत नाहीत.

पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करावा; जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक. धमकीचे संदेश, खात्याचे नाव आणि यूपीआय क्रमांक यांचे स्क्रीनशॉट ठेवून मगच खाते ब्लॉक करावे. आणि त्या रात्री मुलाला एकटे झोपू देऊ नये. अब्रूच्या भीतीने मुले टोकाचे पाऊल उचलतात, म्हणून त्याच्या खोलीत गादी टाकून झोपावे आणि तसे करताना व्याख्यान देऊ नये.

असेच फोन निवृत्त आजोबांनाही येतात. ते तर पेन्शनच्या खात्यातून गुपचूप देत राहतात आणि महिनाअखेरीस बँकेच्या पासबुकातून घराला कळते. त्यांनाही वरचेच सगळे लागू आहे.

१६. दोघेही सतरा वर्षांचे होते आणि त्यांनी आपसांत, राजीखुशीने फोटो पाठवले. हाही गुन्हा?

कायद्याच्या शब्दांप्रमाणे हो, कारण पॉक्सो अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती धरत नाही. अल्पवयीन मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. कोणीही धमकावलेले नसेल आणि फोटो तिसऱ्याकडे गेलेले नसतील, तर दोन्ही घरांनी एकमेकांवर तक्रारींचे शस्त्र उगारण्याआधी वकिलाचा आणि समुपदेशकाचा सल्ला घ्यावा. फोटो एकाने पुढे पाठवला असेल तर राजीखुशीचा मुद्दा संपतो आणि प्रश्न १४ लागू होतो.

१७. पोलिसांत गेलो तर मुलीचे नाव गावभर होईल. शाळाही म्हणते, “आपसांत मिटवा.”

पीडित मुलाचे नाव, पत्ता, छायाचित्र, शाळा असे ओळख पटवणारे काहीही माध्यमांत देण्यास पॉक्सोचे कलम २३ मनाई करते. कलम २४ नुसार मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो, आणि रात्री तिला ठाण्यात थांबवता येत नाही. हे ठाण्यात शांतपणे म्हणून दाखवावे. कलम २४ चा उल्लेख केला की बोलण्याचा सूर बदलतो, असा अनुभव आहे. शाळेला मिटवण्याचा अधिकार नाही. गुन्ह्याची माहिती असून न कळवणे हाच कलम २१ खाली गुन्हा आहे, आणि हाताखालच्या व्यक्तीबाबत संस्थाप्रमुखाने तो केल्यास एक वर्षापर्यंत कैद आहे. शाळेतल्या, विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या सखी सावित्री समितीकडे लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, पण त्यासाठी पोलिसांकडे जाणे थांबवू नये. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

१८. मुलांचे ठीक आहे, पण माझा नवराच रोज हे पाहतो आणि मलाही पाहायला लावतो. हा प्रश्न इथे विचारावा का?

विचारावा. त्याने एकट्याने पाहणे आणि तुम्हाला जबरदस्तीने पाहायला लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याखालील नियमांत घटनेचा जो नमुना अहवाल आहे, त्यात लैंगिक छळाच्या प्रकारांमध्ये अश्लील चित्रे जबरदस्तीने पाहायला लावणे याचा नावानिशी उल्लेख आहे. १८१ या महिला मदत क्रमांकावर किंवा जिल्ह्यातील संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते. घरात मुले असतील आणि त्यांच्यासमोर हे चालत असेल, तर प्रश्न १० चा दुसरा परिच्छेद वाचावा.

१९. आम्ही लंडनला राहतो. इथे आता वय तपासल्याशिवाय अशी संकेतस्थळे उघडत नाहीत. तरी काळजी करावी का?

ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५ पासून अशा संकेतस्थळांना वयाची कडक तपासणी करणे बंधनकारक झाले आहे. मात्र ही तपासणी त्या देशापुरती असते. सुट्टीत मुले पुण्याला आजीकडे आली आणि तिथल्या वाय-फायला जोडली गेली, की ती उरत नाही. फोनमध्येच केलेली सेटिंग (प्रश्न ५) फोनबरोबर विमानातून येतात. आजीच्या राउटरवर प्रश्न ६ मधले दोन क्रमांकही निघण्यापूर्वीच टाकून घ्यावेत.

२०. माझा जुना फोन भाचीला ऑनलाइन क्लाससाठी द्यायचा आहे. काही काळजी घ्यावी का?

नुसते फोटो हटवून फोन देऊ नये. आधी आपल्या गूगल खात्यातून बाहेर पडावे, मग सेटिंगमधून फोन पूर्ण रिसेट करावा, सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्यावे. मेमरी कार्ड हमखास विसरते. त्यानंतर भाचीच्या खऱ्या जन्मतारखेने तिचे खाते उघडून ते तिच्या आईच्या फोनला जोडावे, पुढचे सगळे प्रश्न ५ प्रमाणे. फोन भाचीच्या नव्हे, तिच्या आईच्या हातात द्यावा.